तार कुणी काढली

"हाथ हटा! मुँह से हाथ हटा, बोला ना!"

तुळशीरामने तोंडावर घट्ट धरलेले हात दोघांनी मनगटाला धरून फाकवले आणि तिसऱ्याने उघड्या पडलेल्या तोंडावर बुक्की मारली. तुळशीराम गुडघ्यांवर बसला. पाठीत लाथ बसली तसा पुढे ओल्या सिमेंटवर पालथा पडला, आणि रक्ताची गुळणी टाकून म्हणाला, "मी नाही काढली. पोराची शपथ, मी नाही काढली."

सुशील काळमेघ नेमका त्याच वेळी भनपुरीच्या त्या पाइप कारखान्याच्या फाटकातून स्कूटर आत घेत होता. कारखान्यांमध्ये मोजमापाची यंत्रं बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हा त्याचा धंदा. तेलीबांध्याच्या एका लहानशा कंपनीत तो जन्मभर हेच करत आला होता. हात कसबी, पण माणूस भित्रा. भांडण दिसलं की गल्ली बदलणारा. दोन गाड्यांची टक्कर झाली तर साक्षीला थांबणारे लोक वेगळे असतात, सुशील त्यांतला नव्हे. त्याने स्कूटर झाडाखाली लावली आणि मारणारे दमेपर्यंत डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नाही.

झालं होतं ते असं. या कारखान्यात पाइप गळतो का हे बघण्यासाठी त्याची दोन्ही तोंडं झाकणांनी बंद करतात, आत पाणी भरतात आणि पंपाने दाब वाढवत नेतात. पूर्वी तो दाब काट्याच्या मीटरवर दिसायचा. मग कॉम्प्युटर आला आणि मीटर अडगळीत गेलं. आता पाइपावरची तार एका छोट्या डब्यात जाते, डबा यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेला, आणि दाबाचा आकडा पडद्यावर. पडद्यासमोर बसून पंप चालवायचं काम तुळशीरामचं. आदल्या दिवशी आकडा मध्येच थांबला. दाब चढत नाही असं समजून त्याने पंप चालूच ठेवला. आत दाब मात्र चढतच होता. शेवटी झाकण तोफेच्या गोळ्यासारखं सुटलं आणि समोरून जाणाऱ्या भैय्यालालच्या छातीवर बसलं. बरगड्या आत घुसल्या. आज सकाळी भैय्यालालने दवाखान्यात प्राण सोडला.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली होती, उपकरणाचा संबंध तुटला म्हणून. तुळशीरामला ती वाचता आली नव्हती. मालकाचा मुलगा अश्विन याने ती फोनवर सुशीलला वाचून दाखवली आणि मतलब विचारला. सुशील चहाच्या टपरीवर होता. "मतलब क्या, तार निकल गई," तो म्हणाला. "किसी ने निकाली होगी, नहीं तो पैर लगा होगा." या धंद्यात सगळे हेच सांगतात. न बघता, न विचारता. तार काढा, परत लावा, चालेल. बहुतेक वेळा चालतंही. माणूस जखमी झालाय हे अश्विनने सांगितलं नाही आणि सुशीलने विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तो पुन्हा चहा प्यायला लागला.

तेच वाक्य आज भैय्यालालच्या नातेवाइकांच्या तोंडी होतं. इंजीनियरने सांगितलंय, तार काढली. तार तुळशीरामच्या पायाशी होती. आणखी काय पाहिजे?

"आइए भैया," अश्विन सामोरा आला. "इनको समझाइए ज़रा. तार निकालने से ही हुआ न?"

त्याच्या शेजारी भैय्यालालचा धाकटा भाऊ चिराग उभा होता. अंगात कालचाच शर्ट, भावाच्या रक्ताने कडक झालेला. हातात सळई.

"पहले देखना पड़ेगा," सुशील म्हणाला.

खालून तुळशीरामने मान वर केली. एक डोळा पार मिटला होता. "सुशीलभाऊ, तुम्ही तरी सांगा न यायले! तुम्ही मले ओळखता. हात नाही लावला मी तारेले."

सुशीलने त्याच्याकडे न बघता पिशवी उचलली आणि तो आत गेला.

आत गेल्यावर मात्र त्याचे हात नेहमीसारखे चालू लागले. तार बदलून पाहिली. तेच. डबा उचलून गोदामातल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला, तिथे तो गुमान चालू राहिला. डबा ठणठणीत होता. मग तो दिवाळीत आलेल्या नव्या कॉम्प्युटरांपैकी दुसऱ्याला लावला, आणि पुन्हा तीच ओळ उमटली. बाहेर फटक्यांचे आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला त्याचा खांदा उडत होता, पण तो उठला नाही. काम संपलं की सांगू, काम संपलं की सांगू, असं स्वतःला बजावत राहिला.

त्याने पिशवीतलं काट्याचं मीटर काढून पाइपावर बसवलं, खोलीतल्या सगळ्यांना बाहेर घालवलं, पंप हळू चालू केला आणि दोन्ही हात खिशात घालून लांब उभा राहिला. आकडा चढत गेला. काटाही चढत गेला. काही वेळ सगळं ठीक होतं. मग कॉम्प्युटरने टुंग असा बारीक आवाज केला आणि आकडा थांबला. काटा थांबला नाही. तार होती तिथेच होती. तिच्या आसपास माशीसुद्धा नव्हती.

सुशीलने झेप घेऊन पंप बंद केला आणि खाली बसला.

कारण त्याला कळलं होतं. नवे कॉम्प्युटर वीज वाचवतात. माऊसला काही वेळ कुणाचा हात लागला नाही की ते यूएसबीची वीज तोडतात, डबा मरतो, आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. हे होऊ नये म्हणून कॉम्प्युटरमध्ये एका खुणेवर टिचकी मारून ती काढावी लागते. जुन्या कॉम्प्युटरमधली त्यानेच काढली होती. नव्यांच्या वेळी अश्विन डोक्यावर उभा होता, माल अडकलाय, जल्दी कीजिए म्हणून. सुशील म्हणाला होता, करू नंतर. ते नंतर काही आलं नाही. आणि आता चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवणं चाललं होतं, आणि चोर आत पंख्याखाली बसला होता.

अश्विन आत आला. सुशीलचा चेहरा बघून त्याने दार लावून घेतलं.

"क्या निकला?"

सुशीलने सांगितलं. सगळं, आपल्या चुकीसकट. अश्विनने ते शांतपणे ऐकून घेतलं. पोरगा हुशार होता. कॉम्प्युटरची चूक म्हणजे कारखान्याची चूक, आणि कामगाराची चूक म्हणजे कामगाराची, एवढं गणित त्याला बरोबर येत होतं.

"निशान हटा दीजिए और घर जाइए," तो म्हणाला. "तार वाली बात रहने दीजिए. वो तो पिट ही चुका है. अब आप भी पिटेंगे?"

अश्विनचं काय खोटं होतं? तुळशीरामला बसलेला मार परत येणार नव्हता. घरी बायको रूपाली जेवायला थांबली असणार. खूण काढायला कितीसा वेळ लागतो? त्याने माऊस हातात घेऊन ती काढली. पिशवीची चेनही लावली.

तेवढ्यात बाहेर तुळशीराम ओरडला. इतका वेळ तो एकच वाक्य म्हणत होता, ते बदललं.

"काढली! मीच काढली! मारू नका, काढली मी!"

बाहेर एकदम गलका उठला. कबूल केलं, कबूल केलं! फटके आता जास्त जोरात पडायला लागले. आधी ते विचारण्यासाठी मारत होते, आता शिक्षा म्हणून मारत होते. भलत्या माणसाच्या तोंडून आपलं पाप बाहेर पडताना सुशीलला ऐकवेना. त्याने अश्विनला ढकललं आणि दार उघडलं. आयुष्यात त्याने कुणाला ढकललं असेल तर ते एवढंच.

"उसने नहीं निकाली!" त्याचा आवाज चिरकला. "किसी ने नहीं निकाली! कम्प्यूटर में गड़बड़ है. मैंने लगाया था. मेरी गलती है!"

चिराग वळला. "कल फोन पे तूने ही बोला था न? तार निकाली?"

"बिना देखे बोला था."

"बिना देखे?"

सळई पहिल्यांदा कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सुशीलने स्वतः ऐकला. दुसरी खांद्यावर, तिसरी मांडीवर. तो पडला. मग पायांची पाळी आली, चपला, बूट, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांचे. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. सुशीलला तसं काही वाटलं नाही, नुसतं दुखलं. चिराग मारता मारता रडत होता. "मोर भाई मर गे," म्हणायचा आणि मारायचा. शेवटी त्याच्याच हातातून सळई गळली आणि तो सुशीलच्या शेजारी भुईवर बसून डोकं आपटायला लागला. पोलीस आले तेव्हा भुईवर तिघे होते, आणि त्यांतला मारणारा कोणता हे त्यांना विचारावं लागलं.

हात प्लॅस्टरमध्ये गेला. सुशीलने पोलिसांना सगळं लिहून दिलं, नोकरीवर पाणी सोडलं आणि चालता यायला लागल्यावर सरकारी दवाखान्यात तुळशीरामच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. रूपाली म्हणाली होती, मी येते सोबत. तो नको म्हणाला.

खाटेवरचा माणूस ओळखू येत नव्हता. जबडा बांधलेला, डोक्यावरचे केस काढून टाके घातलेले. बायको इरावती वाटीत वरणाचं पाणी घेऊन बसली होती. तिने सुशीलला स्टूल दिलं. तिला सगळं कळलेलं होतं, तरी दिलं.

"बोलतात का?" सुशीलने विचारलं.

"बोलते. बोलते कायचं!" ती म्हणाली. "घरी वरणात मीठ कमी आहे का जास्त, ह्याच्यावर अर्धा दिवस भांडणारा माणूस हा. मी हो म्हटलं का हा नाही म्हने. आता पाहा तुम्हीच."

सुशील पुढे वाकला. "तुळशीराम, मी सुशील. तार तू नाही काढली. चूक माही होती. पोलिसायले लिहून देलं मी तसं."

"हव साहेब," तुळशीराम होकाराची मान हलवून म्हणाला.

"साहेब काहून म्हणून राहिला? ऐकू येते न तुले? तुझी काही चूक नाही."

"हव साहेब."

"मले शिवी दे. थुंक माह्या तोंडावर. पण काही बोल बाप्पा."

"हव साहेब."

इरावतीने वाटी खाली ठेवली, नवऱ्याच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेलं आणि लहान लेकराशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "अहो, मी इरावती आहो. इथं कोणी नाही मारत. खरं सांगा, तार तुम्ही काढली होती का?"

तुळशीरामने तिच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हव साहेब," तो म्हणाला.

इरावती रडली नाही. तिने पदराने त्याच्या ओठांच्या कडेची लाळ टिपली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही रोज येत जा. रोज येऊन हेच सांगत जा त्यायले. एखाद दिवशी तरी नाही म्हणतीन."

सुशीलने चांगल्या हाताने स्टूल खाटेजवळ ओढलं.

"तुळशीराम," तो म्हणाला, "मी सुशील. तार तू नाही काढली."