गवताच्या वतीने

सचिव बूट घालून थेट मैदानात शिरले, तेव्हाच काकांनी ओळखलं, की साहेबांचं कुठेतरी घोडं अडलंय. एरवी फुटबॉल संघटनेचा कुणीही माणूस कडेच्या पायवाटेनंच जायचा. गवतावर विनाकारण पाय ठेवणाऱ्याची काका कशी हजेरी घेतात, हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. अध्यक्षांनी तर एकदा मैदानाच्या मधोमध फोटो काढून घ्यायला बूट हातात घेतले होते, आणि पायमोज्यांतले अध्यक्ष पुढे पाच वर्षं कार्यालयाच्या भिंतीवर लटकत होते.

काका तेव्हा लांब दातांचा काटा जमिनीत रोवून गवताच्या मुळांना हवा देत होते. एकतीस वर्षं हेच काम. खेळाडू त्यांना गवतकाका म्हणत, आणि आपलं हजेरीपटावरचं नाव खुद्द काकांनाही जरा आठवूनच सांगावं लागे. सचिवांनी आधी गवताचं तोंडभरून कौतुक केलं. काकांनी काम थांबवलं नाही. कौतुक करणाऱ्या साहेबाला काहीतरी हवं असतं, हे ते अनुभवानं शिकले होते.

हवं होतं ते एक पत्र. महिलांच्या राष्ट्रीय संघानं तीन आठवडे सराव बंद ठेवला होता. पुरुषांना एका सामन्याचं जे मानधन देता, तेच आम्हालाही द्या, असं त्यांचं म्हणणं. संघटना म्हणत होती, की तुमच्या सामन्याला माणसं येत नाहीत, तिकिटं खपत नाहीत, तर देणार कुठून? त्यावर मुली म्हणत होत्या, की आमचे सामने तुम्ही भिंतीपलीकडच्या प्लॅस्टिकच्या गवतावर ठेवता, तिथं प्रेक्षकांना बाकं चार, मग माणसं काय एकमेकांच्या मांडीवर बसणार? मोठं मैदान द्या आणि मग माणसं मोजा. मोठं मैदान का देता येत नाही, याला संघटनेकडे एकच भक्कम कारण होतं. ते कारण म्हणजे काका.

सहा वर्षांपूर्वी काकांनी लिहून दिलं होतं, की या मैदानावर दोन संघ खेळले तर गवत तग धरणार नाही. तेव्हा ते खरंच होतं. जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या होत्या, पाणी साचून मुळं कुजत होती आणि काकांची झोप उडाली होती. पुढच्याच वर्षी नव्या नळ्या बसल्या आणि गवत असं काही फोफावलं, की बघत राहावं. पत्र मात्र फायलीत तसंच राहिलं. आता सगळं प्रकरण एका निवृत्त न्यायाधीश बाईंकडे लवादासाठी गेलं होतं, आणि गुरुवारी त्यांच्यापुढे ठेवायला सचिवांना तेच पत्र नव्या तारखेचं हवं होतं.

"मजकूर टाइप करून आणलाय," सचिव म्हणाले. "तुम्ही फक्त सही ठोका. शेवटी तुमच्याच गवताचा प्रश्न आहे."

जाता जाता त्यांनी हेही सहज म्हणावं तसं म्हटलं, की येत्या वर्षी काका निवृत्त होणार, मुदतवाढीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. काका म्हणाले, हात मातीचे आहेत, ठेवून जा.

खरं सांगायचं तर काका सही करून मोकळे झाले असते. पुरुषांचे सामने वर्षाला जेमतेम दहा. बाकीचे दिवस गवत आणि काका, दोघंच. हे सुख त्यांना कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. नळ्या बदलल्यावर आपलं पत्र खोटं ठरलंय, हे त्यांना त्याच मोसमात कळलं होतं. पण कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही तोंडातून ब्र काढला नाही. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. गवत छान होतं, एवढंच.

घरी आल्यावर कागद टेबलावर ठेवून ते हातपाय धुवायला गेले. बाहेर येईपर्यंत काकूंनी तो दोनदा वाचला होता. काकू गल्लीच्या टोकाला असलेल्या दवाखान्यात नर्स होत्या आणि कुठलाही कागद औषधाच्या चिठ्ठीसारखा डोळ्यांजवळ धरून वाचायच्या.

"त्या पोरींचे गुडघे बघितलेत कधी?" त्यांनी विचारलं.

काका चपापले. लोकांच्या मुलींचे गुडघे बघायचा त्यांचा काय संबंध? मग काकूच सांगत बसल्या. प्लॅस्टिकवर घसरलं की कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. सराव झाला की दोघी-तिघी दवाखान्यात ठरलेल्या. जखमेत रुतलेले त्या नकली गवतातले रबराचे काळे दाणे एकेक करून चिमट्यानं काढायचे, आणि त्या पोरी वर हसत विचारणार, ताई, उद्या खेळता येईल ना? हे सगळं मी तुम्हाला दर आठवड्याला जेवताना सांगत आलेय, काकू म्हणाल्या, आणि तुम्ही दर वेळी नुसतं हूं करत आलाय. काकांना ते हूं आठवलं. जेवताना ते बहुतेक मैदानातच असत.

"मग मी काय करू म्हणतेस?"

"मी कशाला काय म्हणू? गवत तुमचं, सही तुमची," काकू म्हणाल्या. "कुणी विचारलं तर खरं ते सांगा. माझे चिमटे तरी कमी उकळावे लागतील."

गुरुवारी काका धुतलेला शर्ट घालून गेले. कागद खिशात होता, सही न केलेलाच. लांबलचक टेबलाच्या एका बाजूला सचिव आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला दोन खेळाडू आणि त्यांची सहप्रशिक्षक. या बाईला सगळे भिंगरी म्हणत. सहा वर्षांपूर्वी ती संघाची कप्तान होती आणि डाव्या कडेनं अशी पळायची, की अंगावर धावून आलेला बचावपटू जागच्या जागी गोल फिरायचा. मोठं मैदान मिळावं म्हणून पहिला अर्ज तिनंच केला होता. त्याच्या उत्तराला काकांचं पत्र जोडलेलं होतं. पुढे प्लॅस्टिकवर तिचा गुडघा गेला, दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि आता ती रेषेबाहेर उभी राहून इतरांना पळायला सांगत होती.

न्यायाधीश बाईंनी घुमवून-फिरवून काही विचारलं नाही. दोन संघांचा खेळ हे मैदान पेलेल का, एवढंच विचारलं. दहाचे वीस सामने झाले तर गोलासमोर किती माती उघडी पडेल, हे त्यांना डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं.

"पेलेल," ते म्हणाले. "दोन सामन्यांमध्ये चार दिवस मोकळे द्या. बाकी मी बघून घेईन."

सचिवांनी घाईघाईनं जुनं पत्र पुढे सरकवलं. काकांनी ते हातात घेतलं, सही आपलीच असल्याचं सांगितलं आणि परत ठेवलं. त्या वर्षी ते खरं होतं, म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षापासून नाही. सचिव त्यानंतर छताकडे बघू लागले.

"मग काका, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" भिंगरीनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

"गवतात जीव अडकला होता," काका म्हणाले. "तुम्हा पोरींची आठवणच झाली नाही. चुकलं माझं."

भिंगरीनं मान हलवली. ती माफ केल्याची होती की नुसती ऐकल्याची, हे काकांना कळलं नाही, आणि विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

मानधनावर आणखी दोन दिवस घासाघीस झाली. पण 'मैदान नाही' म्हणायची सोय गेल्यावर 'माणसं नाहीत' हेही म्हणता येईना, आणि शेवटी पुरुषांइतकंच मानधन ठरलं. मुदतवाढीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. काकांनीही नाही. वर्षभर तरी आहे ना हातात, असं काकूंना सांगून ते कामाला लागले. गुरुवारपासून त्यांना कसं हलकं वाटत होतं, आणि भूक तर दुप्पट लागत होती.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी मुलींचा मोठ्या मैदानावरचा पहिला सामना झाला. मैदान भरलं नाही, पण पायऱ्यांवर निम्म्याच्या वर माणसं होती, आणि काकू दवाखान्यातल्या दोघींना घेऊन पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. काका नेहमीसारखे गवतच बघत होते. मध्यंतराच्या आधी एक बचावपटू पोरगी सपशेल घसरली आणि हातभर गवत उपटून गेली. काका ताडकन उभे राहिले. ती उठली, तिनं गुडघा वळवून बघितला. हिरवा डाग आणि माती, बाकी काही नाही. तिनं शेजारणीला गुडघा दाखवला आणि दोघी हसत सुटल्या. तिथून पुढे काकांनी पहिल्यांदाच चेंडूकडे बघितलं. सामना बरोबरीत सुटला, हेसुद्धा त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

माणसं पांगल्यावर काका काटा आणि मातीची पाटी घेऊन आत गेले. गोलासमोर खरंच दैना झाली होती. उपटलेले तुकडे जागेवर बसवून ते पायानं दाबू लागले. मान वर केली तेव्हा भिंगरी पलीकडे रेषेबाहेर उभी होती. संघ केव्हाच कपडे बदलायला गेला होता.

"ये ना आत," काका म्हणाले. "डावी कड तुझीच ना?"

ती आत आली. डाव्या कडेनं चालू लागली, एक पाय किंचित ओढत, पण सरळ. मध्यरेषेपाशी तिचा वेग जरासा वाढला आणि पुन्हा कमी झाला. कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत ती गेली, तिथं थोडा वेळ उभी राहिली आणि आली तशीच परत निघाली. जाताना काकांना फक्त म्हणाली, की गवत फार चांगलं ठेवलंय.

उजेड होता तोवर त्यांनी सगळं मैदान दुरुस्त केलं. डाव्या कडेला तिच्या पावलांखाली गवत आडवं झालं होतं. तेवढा पट्टा मात्र त्यांनी सोमवारसाठी ठेवला.