मुकुंदचं हायक्लास इंग्रजी

माझा धाकटा भाऊ मुकुंद कोराडीच्या वीज केंद्रात हेडक्लार्क झाला आणि त्याला साध्या इंग्रजीचा वीट आला. साहेबांच्या सहीसाठी मसुदे लिहून लिहून त्याचं ठाम मत झालं होतं, की छोटा शब्द म्हणजे गरिबी. पावसाला 'रेन' तर तिसरीतलं पोरगंही म्हणतं, शिकलेल्या माणसाने 'प्रेसिपिटेशन' म्हणावं. मी कोराडीच्याच शाळेत मराठी शिकवते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि भावाच्या क्वार्टरमध्ये राहते. त्यामुळे हे सगळं मला भाकरीबरोबर गिळावं लागे.

एकोणऐंशी साली त्याची लेक मंजिरी चार वर्षांची झाली. तिला शहरात, सदर भागातल्या कॉन्व्हेंटात घालायचं त्याने ठरवलं. तिथे पोरीपेक्षा आईचीच परीक्षा जास्त घेतात, अशी कॉलनीत वदंता होती. आणि आई म्हणजे आमची प्रेमलता, काटोलकडच्या खेड्यातली, सातवी पास. दिवसभर हसणारी बाई, पण मुलाखतीचं पत्र आलं आणि तिचं जेवणच तुटलं.

"यमुताई, माह्यापायी पोरीचं नुकसान झालं त?" ती मला एकटीला गाठून विचारायची. मी तिला धीर द्यायची आणि मुकुंद तिला इंग्रजी शब्द द्यायचा.

रोजच्या विषयांवरचं हायक्लास इंग्रजी, अशी त्याने शिकवणी काढली. हवामान, आहार, आरोग्य, स्वच्छता. संध्याकाळी हातपाय धुऊन डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळायचा, खुर्चीत ताठ बसायचा आणि सिस्टर व्हायचा. आवाजही बारीक काढायचा.

"व्हॉट डू यू कुक?"

"न्यूट्रिशस व्हेजिटेबल्स," प्रेमलता वांग्याचे देठ कापता कापता म्हणायची.

"हाउ इज युवर हाउस?"

"हायजीनिक."

आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर उतरवेपर्यंत वीज केंद्राच्या राखेने करडी होते. पण इंग्रजीत घर हायजीनिक होतं.

"अन् 'हस्बंड' नाही म्हणायचं वं. 'स्पाउस' म्हणायचं."

"काहून? हस्बंडात काय खराबी आहे?"

"हस्बंड त सगळ्यायचेच राहतात."

यावर ती पोट धरून हसली. मीही हसले, कारण टॉवेल गुंडाळलेला हा स्पाउस बघण्यासारखा दिसत होता.

या सगळ्या तालमीत एक गोष्ट राहून गेली आणि ती आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. वडिलांचं नाव आणि हुद्दा हा प्रश्न आला, की मुकुंद स्वतःच छाती पुढे काढून उत्तर द्यायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचा. प्रेमलताने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. आजीने लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. अपवाद फक्त उखाण्याचा. कॉलनीतल्या हळदीकुंकवाला बाया तिला मुद्दाम शेवटी उभं करायच्या, कारण ती उभ्या उभ्या नवा उखाणा रचते. पण तिथे पुरुषमाणूस कुठला असायला.

मुलाखतीच्या दिवशी मंजिरीने माझा पदर सोडायला साफ नकार दिला, म्हणून मलाही आत घेतलं. मुकुंद बाहेर व्हरांड्यात बाकावर. मधे नुसता पडदा.

मोठ्या सिस्टर प्रेमळ होत्या. मंजिरीने रंग सांगितले, बोटं मोजली, एक बिस्किट मिळवलं. मग सिस्टरांनी प्रेमलताकडे पाहिलं. ती पदराचं टोक पिळत बसली होती. बिचारीला उगाच त्रास नको, म्हणून त्यांनी जगातला सगळ्यात सोपा प्रश्न काढला.

"व्हॉट इज युवर हस्बंड्स नेम?"

प्रेमलताचा चेहरा उतरला. हवामान विचारलं असतं, आरोग्य विचारलं असतं, तर तिने धाडधाड सांगितलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तर सिस्टरांनी हात वर केला. उत्तर आईनेच द्यायचं होतं. तेवढ्यात पडद्याखाली मुकुंदचे पॉलिश केलेले बूट येऊन उभे राहिले. आपलं नाव बायकोला का सांगता येऊ नये, हे त्या हेडक्लार्कला कळेना. गेली पोरीची शाळा, असंच मला वाटलं.

मग प्रेमलताने डोक्यावर पदर घेतला. खुर्चीतून उठून उभी राहिली. नजर जमिनीला लावून, हळदीकुंकवातल्या त्याच ठसक्यात म्हणाली,

"न्यूट्रिशस व्हेजिटेबल्स, हायजीनिक हाउस,
मिस्टर मुकुंदराव इज माय ओन्ली स्पाउस!"

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. हा काय प्रकार, असं मला विचारलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना आमची रीत सांगितली. त्या इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, "अगेन, प्लीज!"

"नाव एकच डाव घेत राहतात म्हना त्यायले," प्रेमलता माझ्या कानात कुजबुजली.

मग सिस्टरांनी मुकुंदला आत बोलावलं. "ॲण्ड युवर वाइफ्स नेम, मिस्टर मुकुंदराव? सेम स्टाइल, प्लीज."

मसुद्यांचा हा बादशहा उभाच राहिला. कान लाल झाले. "माय वाइफ... आय मीन, माय स्पाउस..." आणि तिथेच गाडी अडली. सिस्टरांना त्याची दया आली. मंजिरीला जूनपासून पाठवा म्हणाल्या.

व्हरांड्यात आल्यावर प्रेमलताला रडू फुटलं. "माह्यापायी अडलं नाही ना, यमुताई?"

"तुह्यापायी झालं वं, बाई," मी म्हटलं. माझ्याच पदराने तिचे डोळे पुसले.

परतीच्या बसमध्ये मुकुंद माझ्यापुढच्या सीटवर स्वतःशीच पुटपुटत होता. शेजारी प्रेमलता, तिच्या मांडीवर मंजिरी झोपलेली. थोड्या वेळाने तो मागे वळला. "ताई, हिच्या नावाले जुळन असा एखादा इंग्रजी शब्द सांग ना."

"मले काहून विचारून राहिला गा? मी मराठीची मास्तरीण. तिलेच विचार."

प्रेमलता खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "जुळवाचं राहू द्या. पहिले नुसतं नाव त घ्या. 'वं' अन् 'ऐकलं का' याच्याशिवाय आजवर कधी हाक मारली तुम्ही मले?"

मुकुंद पुढे वळून बसला. कोळशाचे ट्रक दिसू लागले, कोराडी जवळ आली. मग भर बसमध्ये, ना इंग्रजी ना यमक, तो हळूच म्हणाला, "प्रेमलता."

तिने पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "अगेन, प्लीज."