आमच्या ह्यांचं रक्त

डॉक्टरीणबाईंनी ह्यांचे सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले आणि विचारलं, "दरवर्षी तपासून घ्यायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

कोणी म्हणजे कोणीच नाही. आमचे हे म्हणजे मुलखावेगळं प्रकरण. जंगलातल्या पायवाटा साफ ठेवायचं काम करायचे, तेव्हा पोटरीला गोचीड चावली. लाल गोल चट्टा उठला, ताप भरला. गोचिडीतून होणारा लाइमचा आजार निघाला. गोळ्या घेतल्या, ताप उतरला, चट्टा गेला, माणूस पहिल्यासारखा जेवायला लागला. विषय तिथंच संपायला हवा होता की नाही? पण आजार गेल्याची खात्री करायला हे आपणहून प्रयोगशाळेत रक्त देऊन आले, आणि रिपोर्ट आला पॉझिटिव्ह. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. पुन्हा तेच.

ह्यांनी हाय खाल्ली. आजार अंगात ठाण मांडून बसलाय, आपल्यामुळे घरादाराला होणार, असं डोक्यात घेतलं. अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं, ताट वेगळं झालं. मी भांडले, रडले, अबोला धरून पाहिला, हे ढिम्म. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायचे, रिपोर्टात लिहिलंय त्याहून डॉक्टर वेगळं काय सांगणार?

तेही मी सोसलं असतं. पण नात झाली, आणि तिला ह्यांनी एकदाही उचलून घेतलं नाही. दारातूनच बघायचे. पोर रांगत जवळ आली की उठून बाहेर. लेक आधी चिडली, मग बोलायचीच थांबली. नात मोठी झाली तशी आपली आपणच आजोबांपासून लांब बसायला शिकली. त्याचा मला फार राग यायचा.

आता गुडघे दुखायला लागले, तर म्हणे आजार सांध्यांत उतरला. म्हटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं. दंडाला धरून इथं आणलं.

बाईंनी गुडघे दाबून, वाकवून पाहिले, सूज आहे का बघितली. मधल्या काळात ताप, नवा चट्टा, काही झालं का ते विचारलं. काही म्हणजे काहीच नव्हतं. एक्स-रेही पाहिला. मग खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"काका, ही तपासणी जंतू शोधत नाही. जंतूंशी लढायला तुमच्या शरीरानं जे तयार केलं, ते शोधते. आजार बरा झाला तरी ते रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतं. नुसता रिपोर्ट वाचून भागत नाही, समोरचा माणूसही बघावा लागतो. तुम्ही बरे आहात."

"आणि गुडघे?"

"वयानं झिजलेत."

गुडघे झिजल्याचं ऐकून एवढा खूश झालेला माणूस मी तरी पाहिला नव्हता. हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही, हेही बाईंनी समजावलं. पुन्हा गोचीड चावून चट्टा किंवा ताप आला तर मात्र लगेच या, उगाच रक्त तपासत बसू नका, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

हे उठले, दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"म्हणजे मला नातीला घेता आलं असतं?"

"पहिल्या दिवसापासून, काका."

वाटेत हे गुडघे विसरून झपझप चालत होते. मला इतकं हलकं वाटत होतं, आणि तरी गेलेली वर्षं डोळ्यांसमोरून हलेनात.

घरी लेक आणि नात बाहेर निघायच्या तयारीत होत्या. लेकीला मी आत नेऊन सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून हसली, मग पदरात तोंड खुपसून रडली. माझ्याच पदरात.

आम्ही बाहेर आलो तर हे नातीसमोर खुर्ची घेऊन बसले होते. एवढ्या जवळ ते कधी बसले नव्हते. नात आमच्याकडे बघायला लागली. मी मानेनंच सांगितलं, जा.

"आजोबा, तुम्ही बरे झालात?"

"हो गं. केव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"मलाच आज कळलं." नातीनं पट्टा न लावलेल्या सँडलचा पाय उचलून सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवला. हे वाकून पट्टा लावायला लागले, पण सवय नसल्यानं तो काही लागेना. तिनं काही घाई केली नाही.