बाळांच्या वॉर्डातला साबण

हॉस्पिटलची लॅब सांभाळणाऱ्या फेलिसाने रक्तातले जंतू वाढवून बघायची प्लेट उजेडाकडे धरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुलाबी, शेंबडासारखे बुळबुळीत ठिपके. उचलून पाहिले तर पाकासारखी तार सुटली. क्लेबसिएला! एरवी आतड्यात गुमान पडून राहणारा जंतू, पण कोवळ्या बाळाच्या रक्तात शिरला की धडगत नाही. दोन बाळं गेली होती. ही प्लेट तिसऱ्याची, नेनिता नावाच्या बाळंतिणीच्या सहा दिवसांच्या पोराची. नेहमीच्या एकाही औषधाला जंतू दाद देत नव्हता.

राखीव इंजेक्शन कपाटात होतं. पण ते काढायला ‘आजार हॉस्पिटलातच लागला’ अशा कागदावर मोठ्या डॉक्टरांची, सुमागायसाय सरांची, सही लागते. फेलिसाने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तरातरा बाळांच्या वॉर्डात गेली.

“हात धुता की नुसतं पाणी दाखवता? एकाचं दुसऱ्याला लावताय तुम्ही!”

मुख्य नर्स एस्ट्रेलिटा, सगळ्यांची ‘मानांग’ म्हणजे ताई, पंचवीस वर्षं मुरलेली. ती कसली ऐकून घेते!

“इंदाय, अगं पोरी, तुझ्या जिभेला काही हाड? कोपरापर्यंत धुतो आम्ही. सालटं निघालीत, बघ!”

हात खरंच लालबुंद होते. फेलिसा वरमली, पण राग काही उतरेना. तिने नळ, दुधाच्या वाट्या, बाळांना ठेवायच्या पेट्यांच्या कडा, साबणाची बाटली, सगळ्यांवरून कापसाचे बोळे फिरवून तपासायला नेले.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या प्लेटा कोऱ्या. साबणाची मात्र गुलाबी, काठोकाठ.

“मानांग, साबणात काय घातलंत?”

“पाणी. दुसरं काय घालणार? पहिलं बाळ आजारी पडलं तेव्हा तूच फर्मान काढलंस ना, दर वेळी दोनदा हात धुवा म्हणून? साबण वाढवून मागितला, तर वरून उत्तर आलं, आहे त्यात भागवा. भागवलं.” “पाणी घातलेल्या साबणात जंतू मरत नाहीत, वाढतात,” फेलिसा म्हणाली. मग मानांगच्या लक्षात आलं. “म्हणजे आम्ही जितके जास्त हात धुतले…”

ती तोंडात पदराएवढा मोठा रुमाल कोंबून रडायला लागली. फेलिसाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण रडत बसायला वेळ कुणाला होता? नेनिताचं पोर धापा टाकत होतं आणि सहीचा अजून पत्ता नव्हता.

तिने बाटली आणि साबणाची ती गुलाबी प्लेट उचलली आणि सरांची खोली गाठली. सर जेवायला बसले होते, हातात खेकड्याची नांगी. कागद कालचाच, तसाच पडलेला.

“ये. त्यावर ‘आजार घरून आणला’ असं लिही बघू,” सर म्हणाले. “शुक्रवारी तपासणीला माणसं येतायत. हॉस्पिटलची अब्रू आहे.”

“लिहिते की! आधी हात धुऊन घ्या, सर.” तिने बाटली आणि प्लेट भाताशेजारी आदळली. “बाळांच्या वॉर्डातला साबण आहे. धुवा आणि मग खुशाल जेवा.”

सरांनी बाटलीकडे पाहिलं, शेजारच्या गुलाबी प्लेटकडे पाहिलं. हात काही पुढे आला नाही.

“का हो? खेकडा नासेल?” फेलिसाचा आवाज चिरकला. “ते पोर सात दिवसांचं आहे!”

तिने पेन पुढे केलं. सरांनी चिकट बोटांनीच, आहे त्याच कागदावर, सही खरडली. कागद ओढून घेऊन ती कपाटाकडे पळत सुटली. बाकीचं भांडण ती परत येऊन करणार होती.