हॉर्नचे बटण गप्प करू लागते

मी एक जुने हॉर्नचे बटण आहे. मित्रांनो, हसू नका! कल्याण स्टेशन ते मोहने या रस्त्यावर कुंडलिकदादांच्या रिक्षात मी एकोणीस वर्षे इमानाने बोंबलले आहे. म्हशी, वराती, भर रस्त्यात गप्पा ठोकणारे शहाणे, सगळ्यांना मी बाजूला सारले. रिक्षा भंगारात गेली तेव्हा दादांनी मला तेवढे काढून आणले आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवले. तिथे मी चार वर्षे गंजत पडले होते. कोणी आठवणही काढली नाही, याचे फार वाईट वाटे.

मला बाहेर काढले दादांच्या लेकीने, पायलने. तिला यंत्रांचे भारी वेड. तिची एक मुलाखत व्हिडिओ कॉलवर चालू असताना तिची आई शकूताई आणि शेजारच्या आवडाबाई यांची पाण्यावरून जुंपली. माइक बंद करायला पायल पडद्यावर माउसचा बाण शोधत राहिली आणि समोरच्या साहेबांनी ते भांडण साग्रसंगीत ऐकले. ती नोकरी हुकली. आता रुग्णालयांची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावले होते. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

पायलने मला पॉलिश पेपरने घासले, साबणाच्या डबीच्या झाकणाला भोक पाडून त्यात बसवले. आत एक छोटे सर्किट, वर दोन दिवे. माइक बंद असला की लाल, चालू असला की हिरवा. वायर लॅपटॉपला जोडून तिने मला दाबले आणि माइक मुकाट बंद झाला. जन्मभर कोकलणाऱ्याने आता दुसऱ्याला गप्प करायचे! उलटी गंगाच की! पण खरे सांगते, मला आनंदाने नाचावेसे वाटले.

"दिवा बघून बोलायचं हं," पायलने घरात बजावले. कोणत्या दिव्याला काय करायचे, ते सांगायला मात्र विसरली.

मुलाखतीच्या दिवशी मुलाखत घेणाऱ्या मृणाल मॅडम पडद्यावरून कंपनीची माहिती देत होत्या. पायल माइक बंद ठेवून ऐकत होती. लाल दिवा पाहून खाटेवर बसलेल्या दादांनी श्वाससुद्धा बेताने घेतला. चहाचा भुरका नाही, खोकला नाही. मग मॅडमनी प्रश्न विचारला, पायलने मला दाबले, हिरवा दिवा लागला.

"सुटला बाबा सिग्नल!" दादा मोकळे झाले. "अगं पायल, घाबरतेस काय? ते बटण दाखव ना त्यांना, तू बनवलंयस ते!"

पायलचा चेहरा पडला. मला दाबायला तिचा हात वर आला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "कसलं बटण?"

पायलने मला कॅमेऱ्यासमोर धरले.

"जय भीम मॅडम!" दादा मागून म्हणाले. "माझ्या रिक्षाचा हॉर्न आहे तो."

"पप्पा, हिरव्याला का बोललात?"

"मग? लालला थांबलो ना मी! हिरव्याला कोण थांबतं?"

मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांनी विचारले, "पायल, चूक कोणाची?"

पायलने माझ्या दिव्यांकडे पाहिले. "माझी, मॅडम. ज्यांच्यासाठी दिवे लावले, त्यांनाच विचारलं नाही."

"आमची यंत्रं नर्सबाई घाईघाईत वापरतात," मॅडम म्हणाल्या. "हे कळलेलं माणूसच आम्हाला हवं होतं."

आठवड्याने नोकरीचे पत्र आले. शकूताईंनी शिरा केला आणि पहिली वाटी आवडाबाईंकडे धाडली. पायलने त्याच दिवशी माझ्या दिव्यांची अदलाबदल केली. आता माइक चालू झाला की लाल लागतो आणि घर थांबते, बंद झाला की हिरवा लागतो आणि घर बोलू लागते.

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यात काय उरले आहे ते एकदा बघा. आणि नवी वस्तू बनवाल तेव्हा घरच्या माणसाला आधी विचारा. माणसाला वळवण्यापेक्षा दोन वायरी वळवणे सोपे असते.

रविवारी लॅपटॉप बंद असतो. तेव्हा दादा कोणी बघत नाही असे पाहून माझ्यावर अंगठा ठेवतात, मला दाबतात आणि स्वतःच्याच तोंडाने म्हणतात, "पॉं पॉं!"