माझ्यावरून पुसलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ टेप आहे. माझं चाक जेवणाच्या ताटाएवढं, आणि वजन असं की नवखा माणूस मला एका हातानं उचलायला गेला की "अरे बापरे!" म्हणतोच. लंडनमधल्या एका वाहिनीच्या तळघरात माझा मुक्काम आहे. आज माझ्यावर घोड्यांची शर्यत आहे. पण मला सांगायचंय ते त्या शर्यतीच्या आधीचं, कारण ते माझ्या जिवाला लागलंय.

१९६९ साली मी कोरी करकरीत आले. तेव्हा एक विनोदी मालिका फार गाजत होती. दुसऱ्या महायुद्धात गाव राखायला पुढे आलेल्या म्हाताऱ्यांची गोष्ट होती ती. बंदुका पुरेनात, म्हणून बिचारे झाडूचे दांडे खांद्यावर टाकून कवायत करत, आणि समोरचे प्रेक्षक हसून हसून बेजार होत. तिचा एक भाग माझ्यावर भरला गेला.

त्यात सिरिल ऑडली नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे नट होते. कॅप्टन झालेल्या नटानं त्यांना दरडावलं, "काय हो आजोबा, जर्मन आले तर या दांड्यानं काय करणार?"

"झाडून काढीन, साहेब!"

हशा पिकला. प्रसंग तिथेच संपायचा होता, पण सिरिल जागचे हलले नाहीत. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "नाही झाडता आलं, तर उभा राहीन. पळणार नाही."

कुणी खोकलंसुद्धा नाही.

"सिरिल, हे कुठे लिहिलं होतं?" दिग्दर्शकानं नंतर विचारलं.

"लिहिलं नव्हतं. चाळीस साली मी खरंच उभा होतो, किनाऱ्यावर, असाच दांडा घेऊन. तेव्हा मला 'काय करशील' असं कुणी विचारलंच नाही."

दिग्दर्शक म्हणाला, "मग भागात तसंच राहू दे ते."

तो भाग लागला, लोकांची ढीगभर पत्रं आली. मला केवढा अभिमान वाटला होता! पण त्या संध्याकाळी सिरिलच्या पत्नी, हेस्टरबाई, इस्पितळात होत्या. "पुन्हा दाखवतील, तेव्हा बघ," सिरिल त्यांना म्हणाले. पुन्हा कुणी दाखवला नाही. त्याच हिवाळ्यात सिरिल गेले.

टेपा महाग होत्या आणि कपाटं भरली होती. हसण्याचे कार्यक्रम परत कोण बघणार, असं वरच्यांना वाटायचं. बहात्तर साली पुसायच्या टेपांची यादी आली, तीत माझा नंबर होता. नॉरिस नावाच्या कारकुनानं मला पुसायच्या यंत्रात घातलं. मित्रांनो, मला दुखलं नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दोन महिन्यांनी हेस्टरबाई तळघरात आल्या.

"एकदाच ऐकायचंय हो. ते 'पळणार नाही' म्हणाले होते म्हणे."

नॉरिसचा चेहरा उतरला. "बाई, टेप आहे, पण त्यातलं आता काही नाही. पुसून वर घोड्यांची शर्यत भरली आम्ही."

"कुठेतरी उरलं असेल."

"यंत्र काही शिल्लक ठेवत नाही."

"आलेच आहे तर लावा."

त्यानं मला लावलं. डोक्यावर हॅट, मांडीवर पर्स, अशा त्या ताठ बसून राहिल्या. घोडे धावले, लोक ओरडले, कुणीतरी जिंकलं. मी संपेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. मी माझ्या परीनं शोधत होते. एक शब्द सापडला असता, तर तोही दिला असता त्यांना.

उठताना त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. "हा गठ्ठा कसला?"

"उद्या पुसायच्या आहेत."

"यांच्या घरच्यांना विचारलंत?"

त्या गेल्यावर नॉरिसनं गठ्ठ्यातल्या प्रत्येक टेपेच्या डब्यावरची नटांची नावं वाचली. मग वरच्या मजल्यावर फोन लावला. "साहेब, उद्या मी एकही पुसणार नाही. काढायचं तर काढा मला."

मित्रांनो, तुमच्याही घरात कशात तरी कुणाचा तरी आवाज साठवलेला असेल. जागा हवी म्हणून तो पुसायला बसाल, तेव्हा आधी घरात सगळ्यांना विचारा. हेस्टरबाईंना कुणी विचारलं नाही. त्या बसनं वीस मिनिटांवर राहत होत्या.