एका वेळी एकच काडतूस

मी डूख धरते. आई म्हणायची, शरयूचा राग दुधासारखा उतू जात नाही, दह्यासारखा विरजतो. तेव्हा गिरीशचं पुढं जे झालं त्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

गिरीश म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, संजीवच्या, कॉम्प्युटर चिपच्या फॅक्टरीतला सीनिअर. अमेरिकेत, चँडलरमध्ये, तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे तो लगेच भावोजी आणि मी वहिनी. रायफल क्लबातही आम्ही दोघंच देशी. तो हौशी. मी नागपूरला कॉलेजात एनसीसीत नेमबाजीची मेडल्स घेतलेली. शहाऐंशी साली राज्याच्या टीममध्ये एकच जागा उरली होती, आणि ती सिलेक्शन मॅचमध्ये आम्हा दोघांपैकीच कुणाला तरी मिळणार, हे सगळ्या क्लबाला माहीत होतं.

मॅचच्या आधी गिरीश एक हिरवा प्लास्टिकचा डबा घेऊन घरी आला. "वहिनी, दुकानातली काडतुसं कशाला वापरता? ही मी घरी भरलीत. घरचं ते घरचं!" त्याच्याकडे मोठं मशीन होतं, दांडा ओढला की दर वेळी एक तयार काडतूस बाहेर पडायचं. मला वाटलं, काय चांगला माणूस आहे! चहाबरोबर चिवडासुद्धा दिला मेल्याला.

मॅचमध्ये मी पुढं होते. चाप ओढला, तर धडाम व्हायच्या ऐवजी नुसतं फुस्स. एनसीसीतल्या आमच्या हवालदारसाहेबांनी डोक्यात ठोकून बसवलं होतं, आवाज वेगळा आला की थांबायचं. मी थांबले. काडतुसात दारूच नव्हती आणि गोळी नळीत अडकलेली. त्यामागं दुसरी मारली असती तर रायफल माझ्या तोंडावर फुटली असती. माझी मॅच तिथंच संपली. जागा गिरीशला मिळाली.

"सॉरी वहिनी, मशीनची चूक," म्हणाला. आणि गणपतीत सगळ्यांसमोर नक्कल केली, "आमच्या वहिनींनी नेम धरला, श्वास रोखला, आणि फुस्स!" हॉल नुसता खो खो हसला. त्याची बायको पद्मजाही हसली. तेव्हापासून माझं नाव फुसकी वहिनी.

"अगं, मशीनच आहे ते, होतं असं," संजीव म्हणायचा.

"बरं ओळखून माझ्याच डब्यात झालं!" मी म्हणायची. पण पुरावा काय? काही नाही.

पुढच्या सीझनआधी मी वॉल्टरच्या दुकानात गेले. बंदुकांचं दुकान त्याचं, आणि क्लबाच्या मॅचेसही तोच घ्यायचा. म्हटलं, काडतुसं भरायचा प्रेस दाखव, एका वेळी एकच काम करणारा.

"गिरीशसारखा घे ना. तासाभरात ढीग पडतो."

"ढीग नकोय मला."

त्यानं काउंटरवर तीन प्रेस मांडले. एक अ‍ॅल्युमिनियमचा, हलका आणि स्वस्त. दुसरा लोखंडी, पण पुढून उघडा, हात घालायला सोयीचा. तिसरा चहूबाजूंनी बंद, बिडाचा, उचलताना कंबरेत उसण भरावी असा. मी म्हटलं, टेबलाला घट्ट बसवून दे. मग एकेकाच्या दांड्यावर सगळं वजन टाकून पाहिलं. पहिला कुरकुरला. दुसऱ्याचा जबडा जरासा फाकला. सासूबाईंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सोऱ्याचं असंच व्हायचं, पीठ घट्ट असलं की तो फाकायचा आणि चकल्यांचा बट्ट्याबोळ. तिसरा मात्र ढिम्म हलला नाही.

"हा दे."

"यावर डबाभर काडतुसं करायला तुझा अख्खा वीकएंड जाईल," वॉल्टर म्हणाला.

"मला कुठं घाई आहे?"

गॅरेजमध्ये प्रेस बसवला. आधी वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या नीट करायच्या, मग एकेकीत दारू तोलून घालायची, पुस्तकात दिली आहे तेवढीच. मग प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं आणि त्यानंतरच वर गोळी बसवायची. दांडा खाली, दांडा वर. दर वेळी माझ्या कानात तो हॉल हसायचा.

गिरीशचा हिरवा डबा वर्षभर फळीवर पडून होता. एका रविवारी मी तो पुसून भरायला घेतला. संजीव दारातच थबकला.

"शरयू, त्याच्या डब्यात काय भरतेयस?"

"माझी सगळ्यात चांगली काडतुसं."

"खरं सांग."

खरंच सांगत होते. दुप्पट दारू भरायचं मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि मी ते चांगलं चघळलंही. पण त्याचा हात गेला असता तर लोक त्याला बिचारा म्हणाले असते. मला तो बिचारा नको होता.

सिलेक्शन मॅचच्या सकाळी रेंजवर सगळे जमले. मॅचआधी सरावाचे चार बार मारू देतात, ते धरत नाहीत. मी सरळ गिरीशपाशी गेले आणि सगळ्यांसमोर डबा पुढं केला. आमच्या रायफली एकाच मापाच्या.

"भावोजी, गेल्या वर्षी मी तुमची मारली, आज सरावाला तुम्ही माझी मारा." मग वॉल्टरला कळावं म्हणून तेच इंग्रजीत.

"फेअर इनफ," वॉल्टर हसला. क्लबातली पोरंही ओरडली, "कमॉन, गिरीश!"

त्यानं झाकण उघडलं. एक काडतूस उचललं, कानाशी हलवून पाहिलं आणि परत ठेवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

"नको," तो म्हणाला.

"का? माझ्या मशीनची चूक होत नाही."

तो मराठीत पुटपुटला, "वहिनी, काय भरलंय यात?"

"तुम्ही काय भरलं होतंत?"

"अहो, दोनच तर रिकामी ठेवली होती! गंमत म्हणून. तुम्हाला काही व्हावं असं नव्हतं मनात!"

मागं पद्मजा थर्मास घेऊन उभी होती. ती एकदम म्हणाली, "गिरीश!"

"व्हॉट डिड ही से?" वॉल्टरनं विचारलं.

गिरीशनं माझ्याकडे पाहिलं. हात जोडायचेच काय ते बाकी होते. मी वॉल्टरकडे वळले आणि शब्द न शब्द ट्रान्सलेट केला, मागच्या रांगेतल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. वर गणपतीतली ती फुस्सची नक्कलही सांगायची सोडली नाही.

वॉल्टरचं हसू गेलं. "रायफल गाडीत ठेव," तो गिरीशला म्हणाला, "आणि पुन्हा माझ्या रेंजवर पाऊल ठेवू नकोस." गिरीश सामान आवरू लागला.

मी त्या हिरव्या डब्यातलं, हाताला येईल ते एक काडतूस उचललं, माझ्या रायफलीत घातलं आणि चाप ओढला. धडाम! बरोबर मध्ये.

मग झाकण लावून डबा पद्मजाच्या हातात दिला.

"यातलं एक कमी आहे, वहिनी. बाकीची घेऊन जा. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत."